भरतीच्या आधी

आमची संघटना म्हणजे आम्ही तिघं आणि सालवडमधली एक भाड्याची खोली. खाडीत कारखान्याचं घाण पाणी सुटलं की लोकांनी मोबाइलवरूनच तक्रार करावी, म्हणून आम्ही ॲप बनवलं. ते कशासाठी, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं.

मला खाडी वाचवण्याची प्रतिज्ञा हवी होती; ती वाचून 'मान्य' दाबल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. आमच्यातल्या प्रोग्रॅमरला लॉगिन हवं होतं: "भाई, बिना ओटीपी के कोई भी कचरा डालेगा." तिसऱ्या साथीला रंगीत नकाशा. बैठकीत एकमेकांना 'झकास' म्हणायचं आणि घरी जाऊन आपापलंच बनवायचं, अशी आमची एकजूट.

एका सकाळी खाडीकाठच्या घिवली गावातल्या मावशीचा फोन आला. तिचं घर होडीवर चालतं. खाडी तांबडी झाली होती, मासे उलटे तरंगत होते आणि भरती आली की सगळा पुरावा धुऊन जाणार होता.

"आरं पोरा, मी हतं चिखलात उभी हाय, नि तुजं ॲप माज्याकडून शपत घेतंय! आता कसलासा नंबर मागतंय. रेंज नाय!"

आम्ही फोन करून बोलावलेला प्रदूषण मंडळाचा अधिकारी आला तेव्हा भरती आलेली. "पाणी तर बरं दिसतंय," म्हणाला आणि जीपमध्ये बसला. त्याचा राग आलाच. आमचा स्वतःचाच जास्त आला.

पत्रक काढताना आमचा नियम ठरलेला: मागणी एकच. दोन दिल्या की साहेब सोपी तेवढी मान्य करतो. मग ॲपमध्ये ही जत्रा कशाला? घोषणांचा उरलेला गेरू घेऊन मी खोलीच्या भिंतीवर लिहिलं: भरतीआधी फोटो अधिकाऱ्याच्या फोनवर.

प्रोग्रॅमरने वाचलं. "मतलब ओटीपी गया?"

"गेला."

"और तेरी प्रतिज्ञा?"

"तीही गेली," मी म्हणालो. नकाशाही गेला. उरलं एक बटण: फोटो. रेंज नसेल तर ती येताच फोटो आपोआप जाणार.

पुढच्या खेपेला पाणी रंगलं, तेव्हा अधिकारी ओहोटीतच पोचला. पँट दुमडून बाटली भरू लागला. मावशी मागे उभी: "सायेब, खोल बुडवा, वरवरचं नको!"

बाटलीला सील लागलं, मग पाणी चढू लागलं. मावशी माझ्याकडे वळली.

"हां, आता सांग तुजी शपत. आता येळ हाय."