जास्वंदीला लसूण

चहा घेता घेता ऐका, पण हसू नका. किंवा हसा म्हणा, माझ्या घरात हसण्याचा आवाज होऊन बरेच दिवस झालेत. मी स्वतःच्या हाताने अख्खी कॉलनी कशी पळवून लावली, ते सांगतो.

गोष्ट आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातली, दोन हजार दोन-तीन सालची. मी रिटायर झालेलो, बायको वारलेली, मुलगा बंगलोरला. त्याचा फोन रविवारी. बायकोने फाटकाशी लावलेली लाल जास्वंद मात्र तिच्यामागे अशी फोफावली, की सकाळी सहाला पूजेच्या फुलांसाठी चार-पाच जण यायचे. शेजारच्या जोशीवहिनी तर कधी चुकायच्या नाहीत. 'अण्णा, उठलात का? चहा झाला?' एवढंच विचारायच्या. पण त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलायला कोण, तर कुकर. त्या दोन वाक्यांसाठी मी पाचपासून जागा असायचो.

आषाढ संपता संपता जास्वंदीला मावा लागला, ती बारीक चिकट कीड. कळ्या गळायला लागल्या. मला घाम फुटला. फुलंच नसली तर माझ्या दारात येणार कोण?

निफाडला माझा मेहुणा, द्राक्षबागायतदार. त्याला फोन लावला.

"दाजी, इषारी काय मारू नका, पूजेची फुलं हायेत. पावशेर लसूण नि मूठभर मिरच्या वाटा, रातभर भिजवा, गाळून मारा. लय जालीम हाय."

"रोज मारू?"

"रोज कशाला? आठ दिवसांतून एकदा बास."

आठ दिवस धीर धरतो कोण? मी रोज पहाटे, माणसं यायच्या आधी, पंप घेऊन उभा. वास? अहो, तीस वर्षं तपकीर ओढून माझं नाक केव्हाच कामातून गेलंय. मला मोगरा आणि रॉकेल सारखंच.

चौथ्या दिवशी दोघं कमी झाले. पाठोपाठ जोशीवहिनीही येईनात. मला वाटलं, माव्याने फुलं बिघडली. लसूण दुप्पट केला. तरी कोणी नाही. मग वाटलं, लोकांना विचारल्याशिवाय तोडायचा संकोच वाटत असेल. म्हणून पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून फाटकाला टांगलं : 'फुले हवी असतील त्यांनी खुशाल तोडावीत.'

त्या दिवसापासून लोक रस्त्याच्या पलीकडून जायला लागले.

शेवटी एका सकाळी मीच परडी भरली आणि जोशीवहिनींची बेल वाजवली. दार उघडलं आणि त्यांनी आधी पदर नाकाला लावला.

"अण्णा, आता घरपोच का?"

"म्हणजे?"

"चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? आमचे गणपतीबाप्पा तीन दिवस फोडणीत बसल्यासारखे होते हो. फुलं तोडू नका, एवढं तोंडाने सांगायचं होतं. त्यासाठी लसूण चोळायचा? आणि वर तो टोमण्याचा बोर्ड. नाशिक आहे हे, पुणं नाही."

मी खुलासा करायला गेलो. मावा, मेहुणा, निफाड, तपकीर, सगळं एका दमात. आणि मधेच तोंडातून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही सगळे येत राहावं म्हणूनच तर मारत होतो हो."

या वयात लसणाची परडी घेऊन दुसऱ्याच्या दारात रडणं शोभतं का?

वहिनी हसायला लागल्या, डोळे पुसत पुसत. पण परडी काही घेतली नाही.

"चातुर्मास संपेपर्यंत तरी देवाला नाही चालायची, अण्णा. बरं, मावा तरी गेला का?"

"छे. तो आहे जागेवर."

घरी आलो, बोर्ड काढला, झाडापाशी उभा राहिलो. एवढ्या लसणानंतरही माझं दार न सोडलेला अख्ख्या कॉलनीत तो एकटाच. दुसऱ्या दिवसापासून फवारणी बंद केली. म्हटलं, राहिलेत त्यांना तरी कशाला घालवा?