नाखवांची दहा बोटं

नाखवांच्या हातातून चेंडू सुटताना आवाज होत नसे. व्हॉलीबॉल खेळलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. बाकीच्यांना एवढंच सांगतो, की समोरून आलेला चेंडू एक जण उचलतो, दुसरा तो जाळ्याजवळ हवेत अलगद चढवतो आणि तिसरा उडी घेऊन मारतो. टाळ्या तिसऱ्याला, म्हणजे स्मॅशरला, मिळतात. मधल्याला आम्ही लिफ्टर म्हणायचो. आमच्या कंपनीच्या संघात तो मधला माणूस म्हणजे नाखवा, आणि संघाचे कर्णधारही तेच. चेंडू त्यांच्या बोटांवर यायचा आणि निघून जायचा. मध्ये काय झालं ते ना दिसायचं, ना ऐकू यायचं.

मी नव्वदच्या दशकात पुण्याहून मस्कतला आलो, एका बांधकाम कंपनीत इंजिनियर म्हणून. कॉलेजात खेळलो होतो, स्वतःविषयी बरंच मोठं मत होतं. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या यार्डामागच्या मैदानावर पहिल्याच संध्याकाळी मी तीनदा उडी मारली आणि तिन्ही वेळा चेंडू जाळ्यात घातला. पांढरी होत चाललेली दाढी, सडसडीत अंग असा एक माणूस जवळ आला. म्हणाला, "इंजनेर, तू चेंडूकडं बगून उडी मारतोस. चेंडूकडं बगू नको, माज्याकडं बग. चेंडू येल." चौथ्यांदा मी त्यांच्याकडे बघून उडालो. हात फिरवला तिथे चेंडू होता. पुढची अकरा वर्षं तो तिथेच मिळत राहिला.

ते मूळचे रत्नागिरीच्या खाडीकाठचे. वाडवडील गलबतांवर नाखवा, म्हणून हे नाव. ते स्वतः समुद्रावर कधी गेले नाहीत. नोकरी आमच्या स्टोअरमध्ये. कुठला पाईप कुठल्या रॅकवर आहे हे वहीत न बघता सांगायचे. पण ही नोकरी त्यांना पाईपमुळे लागलेली नव्हती. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, व्हॉलीबॉलचे वेडे. कुठल्याशा कामगारांच्या सामन्यात त्यांनी नाखवांना पाहिलं आणि महिनाभरात त्यांचा व्हिसा आमच्या कंपनीवर करून घेतला. नाखवा हे कधी विसरले नाहीत. दोन्ही पंजे समोर धरून म्हणायचे, "माजा व्हिसा पासपोर्टात नाय रे. या धा बोटांवर हाय."

त्या बोटांना ते फार जपत. मेसमध्ये डब्याचं घट्ट झाकण स्वतः उघडत नसत, शेजाऱ्यापुढे सरकवत. कुणी जोरात हात मिळवायला आला, तर उजवा हात छातीवर ठेवून वाकून सलाम करत, म्हणजे समोरच्याला ती अदब वाटे. दर गुरुवारी नखं काढत, मग कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसत. संघातली पोरं हसायची. "हसा," ते म्हणत, "तुमचा स्मॅश चुकला तर एक पॉइंट जातो. माजं बोट चुकलं तर तुम्ही सगले चुकता."

पण बोटांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांना माणूस कळायचा. कुणाला घरून पत्र आलं नाही, कुणाची साईटवर सुपरवायझरशी बाचाबाची झाली, हे त्यांना त्याच्या उडीवरून समजे. वडील गेले तेव्हा मी पुण्याला जाऊन पंधरा दिवसांनी परतलो. कुणाशी बोलत नव्हतो. सरावाला गेलो तर नाखवांनी काही विचारलं नाही, फक्त प्रत्येक चेंडू मलाच दिला. दुसरे स्मॅशर ताटकळत उभे. मी मारत राहिलो, खांदा भरून आला तरी मारत राहिलो. शेवटी माझे डोळे वाहायला लागले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मारत रव. घामात कुणाला कलत नाय."

असा माणूस म्हातारा होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते पन्नाशीकडे आले, गुडघ्याला पट्टा आला. मग सकाळी बोटं वळेनाशी झाली. नव्या शतकाच्या सुरुवातीला एका साध्या सामन्यात त्यांनी चेंडू चढवला आणि मला 'टप्' असा आवाज ऐकू आला. पंचांची शिट्टी वाजली. चेंडू दोन हातांना मागे-पुढे लागला होता, म्हणजे फाउल. मैदानावर कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात ती शिट्टी आणखी तीनदा वाजली.

मी तोवर संघाचा व्यवस्थापकही झालो होतो. अर्बाबनी मला अल् खुवैरच्या ऑफिसात बोलावलं आणि त्यांच्या हिंदीत सांगितलं, "नया लिफ्टर लाओ. नाखवा खलास." त्यांच्या तोंडून ते कडू निघालं नाही. एखादी गाडी जुनी झाली असं सांगावं तसं निघालं. नाखवांच्या नोकरीचं काय, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची मुलगी चिपळूणला कॉलेजात होती, शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती. नाखवा खेळले नाहीत, तर अर्बाबना स्टोअरमध्ये ते हवे असतील का, याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

केरळातून बिजू नावाचा लिफ्टर ठरला. चोवीस वर्षांचा, उंच, कागदोपत्री इलेक्ट्रिशियन. आता नाखवांना सांगायचं कुणी? मी तीन दिवस वाक्यं जुळवली आणि चौथ्या दिवशी स्टोअरमध्ये गेलो. ते बोल्ट मोजत होते.

"बिजूचं सांगायला आलास ना?" मान वर न करता ते म्हणाले. "त्याच्या बुटांचा नंबर माज्याकडंच आला. खेलाचे बूट स्टोअरमधूनच जातात, इंजनेर."

मी उभ्यानेच म्हणालो, "नाखवा, मी अर्बाबशी बोलतो तुमच्या कामाचं."

"नको. तू बोललास तर ती भीक व्हयल." त्यांनी बोल्टचा डबा बाजूला ठेवला. "मना एक सीजन दे. खेलायला नाय, शिकवायला. त्या पोराला इथली मानसं ठावं नाय. चेंडू मानसाला द्यायचा असतो."

बिजूला आधी वाटलं, हा म्हातारा आपल्याला मुद्दाम चुकीचं शिकवणार. मलाही क्षणभर ती शंका आली होती, हे कबूल करतो. दुपारी एक ते चार कंपनी बंद असे, सगळे झोपत. त्या वेळी हे दोघं गोदामात दोन रॅकच्या मध्ये दोरी बांधून उभे असत. एकदा मी नकाशा न्यायला गेलो, तर नाखवांचा आवाज ऐकू आला. मोडक्यातोडक्या हिंदीत ते एकेका खेळाडूविषयी सांगत होते. याला डावीकडून कमी दिसतं. हा चिडला की उंच मागतो, देऊ नकोस. मग माझी पाळी आली. "इंजिनियर का कंधा देर से आता है. पहले दिन से. उसको हाथ भर पीछे देना. लेकिन उसको बोलना नहीं."

मी रॅकमागे तसाच उभा राहिलो. अकरा वर्षं मी कंपनीचा पहिल्या नंबरचा स्मॅशर होतो. माझे फोटो नोटीस बोर्डावर लागले होते. माझ्या खांद्यातली खोट या माणसाने पहिल्या संध्याकाळी पाहिली होती, आणि त्यानंतरचा प्रत्येक चेंडू हातभर मागे ठेवून ती मलासुद्धा कळू दिली नव्हती. मी नकाशा न घेताच परत गेलो.

त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात अर्बाबनी ऐनवेळी मन बदललं. "फायनल में नाखवा," ते म्हणाले. बिजू बाकावर. नाखवा खेळले, आणि काय खेळले. चार सेट त्यांनी गुडघ्याला आणि बोटांना जुमानलं नाही. दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचव्या सेटमध्ये आम्ही एका गुणाने मागे पडलो, तेव्हा त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग पंचांकडे वळून कर्णधार म्हणून खेळाडू बदलण्याची खूण केली. कुणाला काढायचं, असं पंचांनी विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

खुर्चीत बसलेले अर्बाब उभे राहिले. बिजू जागचा हलेना. नाखवा त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यल्ला, चलो. मेरे को मत देख, उन लोग को देख."

पुढचा चेंडू माझ्याकडे आला. हातभर मागे.

आम्ही जिंकलो. कप घ्यायला नाखवा पुढे आले, तेव्हा अर्बाबनी विचारलं, "तुम को किसने बोला बाहर जाने को?" नाखवा म्हणाले, "अर्बाब, आपने मेरे को टीम संभालने को लाया था. आज टीम को मैं नहीं, वो लड़का चाहिए था." अर्बाबनी कप त्यांच्या हातात दिला. त्या आठवड्यात आदेश आला. अल् अमेरातला नवं गोदाम उघडत होतं, त्याचे प्रमुख नाखवा. ते तिथे पाच वर्षं होते. मुलगी शिकून शिक्षिका झाली आणि मगच त्यांनी राजीनामा दिला. त्यांना सोडायला विमानतळावर संघाच्या दोन गाड्या भरून माणसं गेली होती. बिजू, तोवर तो आमचा कर्णधार झाला होता, लहान मुलासारखा रडला. नाखवा त्याला म्हणत होते, "अरे, तीन घंटे का रास्ता है."

दोन वर्षांनी एका सकाळी ऑफिसात रत्नागिरीहून फोन आला. त्यांची मुलगी बोलत होती. अब्बा गेल्या महिन्यात गेले, झोपेत, असं तिने सांगितलं.

"सर, अब्बांच्या ट्रंकेत एक फोटो मिळाला. अर्ध्या चड्डीत आहेत, हातात मोठा कप आहे, आजूबाजूला तुम्ही सगळे. मागे तुमचं नाव आणि नंबर लिहिलाय. आम्हाला एवढंच माहीत होतं, की ते स्टोअरकीपर होते. अम्मी म्हणते, गावात लोक बोलतील, मस्कतला खेळायला गेलाय, म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही." आणि मग तिने विचारलं, "ते खेळायचे का? चांगले खेळायचे?"

माझ्यासमोर दोन माणसं फाईल घेऊन उभी होती. त्यांना मी बाहेर थांबायला सांगितलं, दार लावून घेतलं, आणि पहिल्या संध्याकाळपासून सांगायला सुरुवात केली.