जेवढं दिसतं तेवढंच

श्रीमती इंदुमती वाघचौरे यांची आणि माझी ओळख धडकेने झाली. हे अलंकारिक बोलणं नाही. जुईनगर स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत मी सरळ त्यांच्या अंगावर जाऊन आदळलो, त्यांची पांढरी काठी माझ्या पायाखाली आली आणि तिचा सांधा तुटला. आजूबाजूच्यांनी मला सुनावायचं ते सुनावलं. एक रिक्षावाला तर खाली उतरून आला. "ओ भाऊ, दिसत नाय का? आंधळ्या बाईला ठोकताय?" मी ओशाळून माफी मागत होतो. इंदूताईंनी तुटका सांधा चाचपला, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि रिक्षावाल्याचाच प्रश्न पुन्हा विचारला, पण उत्तर हवं असल्यासारखा.

"खरंच दिसत नाही का तुम्हाला?"

हा प्रश्न तोवर मला रस्त्यावर कितीतरी लोकांनी विचारला होता, पण उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं. मी म्हणालो, थोडं दिसतं. त्यावर त्या म्हणाल्या की, बेफिकीर माणूस शेवटच्या पावलाला थबकतो, तुम्ही थबकलाच नाहीत, तेव्हाच शंका आली. मग मी त्यांना हात दिला की त्यांनी मला, हे आजही सांगता यायचं नाही, पण दोघे मिळून त्यांच्या घरी पोचलो. पुढच्या शनिवारी मी नवी काठी घेऊन गेलो. आढेवेढे न घेता त्यांनी ती ठेवून घेतली आणि मुठीचं रबर जरा हलकं आहे, असंही सांगितलं.

इंदूताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. परभणीकडच्या एका खेड्यात लहानपणी गोवर झाला आणि त्यांची दृष्टी गेली. पुढे मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. निवृत्तीनंतर जुईनगरच्या तळमजल्यावरच्या घरात दर शनिवारी डोळ्यांनी अधू असलेल्यांची बैठक भरवू लागल्या. आपण सगळे त्या बैठकीचे. पंचाहत्तरीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ त्यांना वाचून दाखवला जाणार आहे आणि विशेषण आलं की त्या "पुढं वाचा" म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या स्वभावाबद्दल मी फार काही लिहीत नाही. त्यांना राग लवकर येतो, उशिरा आलेल्याला त्या चहा देत नाहीत, आणि त्या चहात आलं इतकं असतं की न मिळालेलाच बरा. माझ्या बाबतीत जे घडलं ते मात्र सांगायला हवं.

मी कोपरखैरण्याच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवत होतो. माझ्या आजारात नजर कडांकडून विझत येते. मधलं स्वच्छ दिसतं, आजूबाजूचं काहीच नाही. कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं तसं. बारीक निबाने मी मांजराच्या मिशा काढू शकत होतो, पण खिडकीजवळच्या बाकावर हात वर करून बसलेली मुलगी मला दिसत नव्हती. एकदा फळ्यापासून मागे सरताना मुलांनी प्रदर्शनासाठी केलेला मातीचा किल्ला मी तुडवला. वर्गात कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं. संस्थाचालकांनी बोलावून सांगितलं की, आता वर्गावर ठेवता येणार नाही; दिव्यांग प्रमाणपत्र आणलंत तर कार्यालयात बैठं काम देऊ, नाहीतर राजीनामा द्या. सरकारी मासिक भत्ताही त्याच प्रमाणपत्रावर मिळणार होता. माझी पत्नी सुजाता, शाळेत जाणारी मुलगी आणि मी, आमचं पुढचं सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं.

मी अर्ज केला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी जवळजवळ तळापर्यंत वाचला. "वाचताय की, सर," ते म्हणाले. रागाने नाही, बाहेर रांग लागली होती. पुढे उत्तर आलं ते असं, की अपंगत्वाची टक्केवारी मर्यादेपेक्षा कमी, सबब अर्ज नामंजूर. हा नकार मला व्यवस्थित वाचता आला, हीच तर अडचण होती.

मी इंदूताईंवर आदळलो तो याच दिवसांत. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आम्हा ठार आंधळ्यांचं एक बरं असतं, मास्तर. आमच्यावर कोणी संशय घेत नाही. हाल तुम्हा मधल्यांचे." तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो. फेरतपासणीसाठी अपील करायचं ठरलं. मजकूर मी लिहायचा, मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी तो कापायचा, अशी आमची पद्धत. 'हताश' काढलं, 'आपण दयाळू आहात' काढलं, 'माझ्यावर आकाश कोसळले' यावर तर त्या हसल्या. किल्ला लिहा म्हणाल्या. खिडकीतली मुलगी लिहा. दिवाळीत शेजाऱ्यांच्या रांगोळीतून चालत गेलात, ते लिहा. बाजूची नजर मोजणारी तपासणी वेगळी असते, ती झालीच नाही, असं शेवटी स्पष्ट लिहा.

फेरतपासणीच्या आधी माझा मेहुणा राजेश बोनकोड्याला आमच्या घरी आला. मनाने चांगला माणूस. त्याने काळा चष्मा आणला होता. "भावजी, थोडी अ‍ॅक्टिंग करायची. ताईचा हात धरून जा, दोन ओळी वाचल्या की बस, पुढचं दिसत नाय बोलायचं. सगळे तेच करतात, टेन्शन नाय घ्यायचं." सुजाताने चष्मा टेबलावरून उचलून माझ्या पिशवीत ठेवला. तिला दोष देता येत नाही. मलाही ते पटत होतं. खरं बोलून एकदा नकार मिळालाच होता.

मी इंदूताईंना फोन करून विचारलं. त्या कायदा सांगतील, नीती सांगतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं, "पोरीचा चेहरा दिसतो?"

"समोर आली की दिसतो."

"मग दिसतो म्हणायचं. जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं, कमी नाही की जास्त नाही. आज दिसत असताना नाही म्हणालात, तर उद्या खरंच दिसेनासं होईल तेव्हा कुठल्या तोंडाने सांगाल?"

मी काळा चष्मा घरीच ठेवला. त्या दिवशी बाजूची नजर तपासणारं यंत्र बंद होतं. पुन्हा तोच तक्ता, पुन्हा मी तो खरा खरा वाचला, आणि पुन्हा नामंजूर. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कार्यालयातली जागा दुसऱ्याला दिली गेली होती. मी राजीनामा दिला. सुजाता तळवलीजवळच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला जाऊ लागली. मुलीची चित्रकलेची शिकवणी घेण्याइतपतच मी उरलो, आणि तिला चित्रकलेची अजिबात आवड नाही.

या दिवसांत मी इंदूताईंवर मनापासून चिडलो होतो. खरेपणा त्यांचा आणि भोगायचं आम्ही, असं मी सुजाताजवळ बोलून दाखवलं. शनिवारी जायचं बंद केलं, त्यांचे फोन उचलले नाहीत. शेवटी त्यांनी सुजाताच्या फोनवर फोन करून मला बोलवायला लावलं. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नाही. "रागावला असाल तर रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण वरच्या अपिलाची मुदत संपत आलीय. राग घेऊनच या," एवढंच म्हणाल्या. मी राग घेऊनच गेलो. पुन्हा लिहिणं, पुन्हा कापणं सुरू झालं. यंत्र बंद होतं हे त्यांनी दोन ठिकाणी लिहायला लावलं. चहा मिळाला, म्हणजे मी वेळेवर पोचलो असणार.

वरच्या अपिलात दोन वर्षांनी मला दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात पाठवलं गेलं. तिथे ती तपासणी झाली. अर्धगोलासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काही लुकलुकलंच नाही. यंत्र इथेही बंद आहे की काय, असं मला वाटलं, म्हणून मी तिथल्या बाईंना विचारलं, कधी सुरू करणार?  त्या हळूच म्हणाल्या, "सर, सुरू केलंय."

प्रमाणपत्र मिळालं. मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त टक्केवारीचं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की, पहिल्या अर्जाच्या वेळी ही तपासणी झाली असती तर कदाचित काठावर आला असतात. आता मात्र वाद घालायला काही उरलेलं नाही. म्हणजे आम्ही अपील जिंकलो त्यात आमच्या लिहिण्याचा वाटा होता तेवढाच, किंवा त्याहून जास्त, दरम्यान विझून गेलेल्या डोळ्यांचा होता. ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

घरी मात्र सणासारखं झालं. भत्ता सुरू होणार होता, मुलीच्या शाळेची सोय होणार होती, आणि इतकी वर्षं खोटारडा ठरलेला माणूस कागदोपत्री खरा ठरला होता. राजेशने पेढे आणले. सोसायटीच्या ग्रुपवर 'सरांचे हार्दिक अभिनंदन' आलं, त्याखाली पुष्पगुच्छांची रांग लागली. शेजारी हात मिळवायला आले. पुढे केलेला हात मला दिसायचा नाही, मग ते स्वतःच माझा हात शोधून हलवायचे. मीही हसत होतो. सगळे हसत होते.

संध्याकाळी इंदूताई रिक्षाने जुईनगरहून आल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढून, धापा टाकत आल्या. हातात डबा होता. सुजाताने पेढ्याचं ताट पुढे केलं. त्यांनी पेढा घेतला नाही, डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं. आत पिठलं आणि भाकरी होती.

आपल्यापैकी कोणालाही याचा अर्थ सांगायला नको. ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि मग शेजारपाजारचं, नात्यातलं कोणी पिठलं-भाकरी करून नेतं.  इंदूताई माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या,

"मास्तर, डोळे गेले ना तुमचे. त्याचं कोणी भेटायला आलं होतं का?"

आजार कळल्यापासून मी कधी रडलो नव्हतो. आधी वेळ नव्हता. अर्ज होते, तपासण्या होत्या, आपल्याला दिसत नाही हे पटवून देण्यात सगळी ताकद जात होती, आणि ज्याला हे सतत सिद्ध करायचं असतं त्याला त्याचं दुःख करायची सवड मिळत नाही. त्या संध्याकाळी मी इंदूताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडलो. सुजाता रडली. मुलगी दारात उभी होती म्हणे. मला ती दिसली नाही. इंदूताईंनी आम्हाला गप्प केलं नाही. बराच वेळ गेल्यावर त्यांनी सुजाताला ताटं घ्यायला सांगितली आणि आम्ही सगळ्यांनी त्यांची भाकरी खाल्ली.

अशा लेखाच्या शेवटी लिहिणाऱ्याने दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते निव्वळ स्वार्थाने चिंततो आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं मधलं जे थोडं उरलंय तेही जाणार आहे. कधी जाईल ते डॉक्टरांना सांगता येत नाही. त्या दिवशीही लोक धीर देतील, योजना सांगतील, नवं यंत्र आलंय म्हणतील. इंदूताई, त्या दिवशी तुम्ही असायला हव्यात. गुडघे सांभाळा, साखर सांभाळा, आमचा जिना चढण्याइतकी ताकद अंगात ठेवा. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटणार नाही.