हमीदला दिलेलं पातळ पुस्तक

हमीद गेल्याचं मला चहाच्या टपरीवर कळलं, तेही दफन उरकल्यावर. त्याच्या मुलाने, सलीमने, अख्ख्या चिखलीला फोन केले होते, मला सोडून. चूक नव्हती ती. आठवणीने सोडलं होतं.

हमीदचं बियाण्याचं दुकान. महिनाअखेरीला आम्ही दोघं गल्ल्यामागे बसून पुढच्या महिन्याचं वाचन ठरवायचो. एकाने दुसऱ्यासाठी निवडायचं. दिलेलं पूर्ण वाचायचं. मध्येच सोडायचं तर देणाऱ्याची परवानगी हवी, आणि ती कुणी कुणाला कधी दिली नाही. याला मैत्री म्हणतात की सूड, ठाऊक नाही. मी त्याला श्रीमंत होण्याचे मार्ग शिकवणारी पुस्तकं द्यायचो, तो मला सहकारातल्या थोरांची आत्मचरित्रं. "तिसऱ्या धड्यातच मानूस थोर होते," तो म्हणायचा, "मंग बाकीची पानं निस्ते हारतुरे."

बीटी कापसाची वर्षं होती. गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन विचारायचं, चांगलं हाय का हे? हमीदचं उत्तर ठरलेलं, पाकिटावर तसं लिवलं हाय. मग एका हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि तीच माणसं दुकानात येऊन त्याला आईबहिणीवरून बोलली. त्याने उभं राहून ऐकून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाची त्याला शिसारी बसली. तो अशा माणसाला 'पाकीट' म्हणायचा.

पुढे त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सलीमला दिवस थोडे उरल्याचं सांगितलं, सलीमने बापाला आम्लपित्त सांगितलं. घरात पुढच्या पेरणीच्या गप्पा सुरू झाल्या... आणि महिना संपत आला. हमीदचा निरोप आला, पुस्तक घेऊन ये.

कपाटासमोर मी बराच वेळ उभा होतो. जाड पुस्तक नेलं तर मीही घरच्यांना सामील. पातळ नेलं तर डॉक्टरांनी जे त्याला सांगितलं नाही, ते मी सांगितल्यासारखं. मी पातळ नेलं. सलीमने दारातच माझी पिशवी उघडून पाहिली आणि हात धरला. "चाचा, जाडजूड काही आना. अब्बाले समजन."

मी हात सोडवून आत गेलो.

हमीदने पानं अंगठ्याखालून एकदाच सरकवली.

"इतकंच पुरन?"

"पुरन."

"हाव," तो म्हणाला. मग हसला. "घरातले सगळे पाकीट झाले बे. तू नाही झाला." आणि फळीवरचा एका कारखानदाराचा गौरवग्रंथ, दोन खंडांचा, त्याने माझ्या महिन्यासाठी नेमला. "शुभेच्छा-संदेशासगट वाचजो."

हमीदचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो. सलीम गिऱ्हाइकाला 'एक नंबर माल' सांगत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तो माझ्याकडे न पाहता बोलला.

"तुमी ते पुस्तक देल्लं, त्या रातीपासून अब्बा नीट जेवले नाहीत. मले ते पेरणीपर्यंत पाह्यजे होते."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बापाला खरं हवं होतं आणि त्याला बाप हवा होता. मी एकाचंच ऐकलं. समजुतीचं काही बोलायला हवं होतं. तोंडातून मात्र निघालं, "वाचलं का त्यानं ते?"

"पुरं वाचलं," सलीम म्हणाला. "मंगच गेले."

मी सध्या गौरवग्रंथाच्या दुसऱ्या खंडात आहे. कारखानदार केव्हाच थोर झाले, आता संदेश चालू आहेत. आमदारांचा झाला, बँकेच्या अध्यक्षांचा झाला, कुठल्याशा महिला मंडळाचा चालू आहे. सगळ्यांनी दीर्घायुष्य चिंतलं आहे. इतकं रटाळ पुस्तक मी जन्मात वाचलेलं नाही, आणि ते सोडायची परवानगी मागावी असं आता कुणी नाही.