मांजराला संत्र्याच्या सालीची अंघोळ

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याची साल कोणी सहसा फेकत नाही. वाळवून उटण्यात घालतात, डास झाले की धुरी देतात, अंगाला खाज सुटली की ओली सालच चोळतात. बाबा तर सालीचे भक्त. जन्म संत्र्याच्या बगिच्यात गेला. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बगिचा माझ्या भावाच्या हवाली करून तिगावच्या घरी बसलेले. तरी कोणी शिंकलं की पहिला प्रश्न, "साल हुंगली का?" मी चिडवायची, तुम्ही मेलेल्या माणसालाही साल लावून उठवाल.

घरी बसलेल्या बाबांना सोबत होती मांजराची. भलतं लाडावलेलं, करड्या रंगाचं. दुपारी ते त्यांच्या मांडीवर झोपलं की बाबा पाणी प्यायलाही उठत नसत. मलाच हाक.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री घरात आली त्या सुमाराला त्याच्या अंगावर पिसवा झाल्या. मानेवरचे केस बाजूला केले की काळे ठिपके पळताना दिसत. बाबांच्या पिंढऱ्याही चावून चावून लाल. मी म्हटलं, रविवारी डॉक्टरला दाखवू.

"डॉक्टर कायले पाह्यजे? घरी औषध हाय ना," बाबा म्हणाले. मला वाटलं, बोलताहेत नुसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून आले तर अंगणभर संत्र्याचा घमघमाट. बाबांनी पातेलंभर साली उकळून मांजराला त्या पाण्यानं न्हाऊ घातलं होतं. वर ताज्या साली पिळून त्यांचं तेल केसांत मुरवलं होतं. मांजर ओसरीत पडलेलं. आधी वाटलं, झोपलंय. मग लाळ दिसली, धार लागलेली. मागचे पाय थरथरत होते. मला पाहून उठायला गेलं आणि कुशीवर कलंडलं. हात लावला तर अंग थंडगार.

"बाबा, काय करून ठेवलं हे!"

"काई नाही वो. अंघोळीनं थंडी भरली अशीन."

मी पांढुर्ण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संत्र्याच्या सालीतलं तेल मांजराला विषासारखं आहे. आधी ते काढा. भांड्याचा साबण, कोमट पाणी. अंग चाटू देऊ नका, कोरडं करून गुंडाळा आणि लगेच आणा."

विष? मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. ज्या संत्र्यांवर आम्ही शिकलो, ज्यांच्या पैशांवर हे घर उभं राहिलं, ती? मला खरंच पटेना. फोनचा स्पीकर चालू होता.

"संत्र्यानं कोनी मरते का?" बाबा म्हणाले. पण खाटेची कड त्यांनी घट्ट धरली होती.

रागवावं तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी ओरडलेच. ओरडत ओरडत मांजर धुतलं, टॉवेलात गुंडाळलं, ऑटो बोलावला. बाबाही ऑटोत हात पुढे करून बसले होते, पण मी मांजर दिलं नाही. त्यांच्या हातांना तेल होतं. पांढुर्ण्यापर्यंत ते माझ्या मांडीवरच्या टॉवेलाकडे पाहत राहिले.

सलाईन लावलं, ऊब दिली. डॉक्टर म्हणाले, पिसवांसाठी मांजराचे थेंब वेगळे मिळतात, वजन पाहून मानेवर टाकायचे. कुत्र्याचंही औषध मांजराला चालत नाही. आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा, नाहीतर पिसवा परत येतील. बाबा एरवी कोणाचं ऐकून घेणारे नाहीत. त्या दिवशी मान खाली घालून "हो, हो" करत होते.

रात्रभर तिथेच ठेवून सकाळी मांजर घरी आणलं. वाचलं होतं. दूधही प्यायलं. बाबांनी हळूच हात पुढे केला. त्यानं बोटं हुंगली, कान मागे पाडले आणि खाटेखाली शिरलं.

बाबा उठले, नळावर गेले. साबण लावला. परत आले, वाकून हात पुढे केला. मांजर आणखी आत सरकलं. मग भांड्याचा साबण झाला, बेसन झालं, चुलीतली राख झाली. गुडघे धरून ते नळावर जात होते आणि परत येत होते. शेवटी दोन्ही ओले तळवे त्यांनी माझ्या नाकाशी धरले.

"पाह्य बरं, गेला का वास?"

जन्मभर संत्री तोडलेले हात ते.

"गेला," मी म्हटलं.

बाबा खाटेजवळ खाली बसले आणि हात पुढे धरून वाट पाहू लागले.