भाचीच्या पायांसाठी एक अर्ज

आयुष्यात मी ज्या पायांपुढे सगळ्यात जास्त वाकलो, ते पाय माझ्याहून सत्तावीस वर्षांनी लहान आहेत. अमरावतीकडचे आमचे सोयरे हे पाहून हसतात. मोठ्या माणसाने पोरीच्या पाया पडायचं म्हणजे उलटी गंगा, असं त्यांचं म्हणणं. हसोत बापडे. आमच्या बालाघाटकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असली तरी पडतो आणि ती कॉलेजात गेली तरी पडतो. माझ्या मोठ्या बहिणीची, म्हणजे बाईची, ही एकुलती एक मुलगी, आणि तिला मीच एकटा सख्खा मामा. ती तीन वर्षांची असताना मी तिला शिकवलं होतं, की मामा वाकला की त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "खुश राह्य मामा." ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की बाई तोंडाला पदर लावून आत पळायची.

या भाचीच्या पायांची आणखी एक गोष्ट आहे. ती पायाळू जन्मली, पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे आमच्याकडे मोठे मोठे शिकलेले लोकही मानतात, फक्त तसं सांगत नाहीत. कटंगीत बाईच्या घरी आठवड्यातून एखादा तरी कमरेवर हात ठेवून यायचा, ओसरीत पालथा पडायचा, आणि फ्रॉकातली आमची डॉक्टरीण हातातली चिंच चोखत त्याच्या पाठीला तीनदा डावा पाय लावायची.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. कचेरीसमोर टिनाखाली टेबल टाकून मी तीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी लिहितोय. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर, आणि कचेरी हिंदी राज्यातली म्हणून सगळं हिंदीत. जमिनीचं नामांतरण, भावांमधला बटवारा, पेन्शन, शेजाऱ्याची म्हैस, जे येईल ते. टेबलाचं एवढं विशेष नाही, पण माझं स्टूल सांगण्यासारखं होतं. लाकडी, बिनपाठीचं, एक पाय बाकीच्यांहून बोटभर आखूड. खुर्ची घ्या म्हणून बायको ओरडून थकली. मी म्हणायचो, खुर्चीत बसणारे साहेब आत बसतात, आपण बाहेरचे. अशी मिजास असली की पाठ कशाला टिकते.

दुखणं दहाएक वर्षांपासूनचं. आधी संध्याकाळी दुखायचं, मग दुपारी, मग सकाळी उठतानाच. मोहाच्या बियांचं तेल झालं, गरम विटेचा शेक झाला, पट्टा झाला. चार वर्षांपूर्वी एक एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली जागा कमी झाली आहे, सांभाळा. मी पाकीट कपाटावर टाकलं आणि सांभाळलं ते पाकीटच. लोकांना मी सांगायचो की तक्रार वेळेवर करावी, मुदत निघून गेली की कोणी ऐकत नाही. स्वतःची तक्रार मात्र दाबून ठेवली.

परवाच्या दिवाळीत भाऊबीजेला कटंगीला गेलो. भाचीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं, त्यामुळे घरात आनंद होता. बसमधून उतरतानाच कमरेत चमक निघाली. ओवाळणीच्या पाटावर बसता येईना. मी तसाच ओसरीत पालथा झालो आणि भाचीला हाक मारली.

"ये पोरी, लाव पाय."

ती नागपूरला नोकरी करते, सुट्टीवर आली होती. ती दारातूनच म्हणाली, "मामा, नको न. मी आता साठ किलोची आहो. कुछ हो गया तो?"

"काही होत नाही. भाचीचा पाय म्हणजे देवाचा पाय. लाव म्हणतो न मी!"

मी चिडून बोललो. माझा आवाज चढला की त्या घरात कोणी वाद घालत नाही. तिने चप्पल काढली, डावा पाय पुढे केला आणि भीत भीत दोनदा टेकवला. मी म्हणालो, जोरात लाव, मी काय कापसाचा आहे का? तिसऱ्यांदा तिने जोरात लावला. कट् करून आवाज आला. मला तर बरं वाटलं. उठलो, ओवाळून घेतलं, चार पुऱ्या जास्त खाल्ल्या आणि पायाळूचा महिमा सगळ्यांना ऐकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालाघाटच्या स्टँडवर उतरलो. थोडं चालल्यावर मागून एक रिक्षावाला ओरडला, "दादा, चप्पल!" माझी डावी चप्पल दहा पावलं मागे पडली होती, आणि मला पत्ताच नव्हता. पाय जागेवर होता, पण पंजा माझं ऐकत नव्हता. तेव्हा मी घाबरलो. इतका घाबरलो की भर स्टँडवर रडायला आलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, दुखणं नेमकं कसं आहे ते सांगा. तीस वर्षं लोकांची दुखणी चार ओळींत बसवणारा मी, मला एक वाक्य सुचेना. मग त्यांनी विचारलं, कुठे पडलात का, मार लागला का? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "भाचीनं लात मारली." डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. सगळी हकीकत ऐकली, फोटो पाहिले आणि म्हणाले, "ही मणक्यांमधली गादी एका दिवसात सरकलेली नाही. वर्षांचं काम आहे. नस दबली आहे, आता थांबता येणार नाही."

ऑपरेशन झालं. सरकलेली गादी काढली, दोन स्क्रू बसवले. तिसऱ्या दिवशी नर्सने उभं केलं आणि मी डाव्या पायाचा अंगठा हलवून पाहिला. हलला. अगदी थोडा, पण हलला. मी त्या अंगठ्याकडे पाहतच राहिलो.

घरी आल्यावर मी नव्याने सगळं शिकलो. कुशीवर वळायचं तर लाकडाच्या ओंडक्यासारखं, खांदे आणि कंबर एकदम. बसायचं घड्याळ लावून, पंधरा मिनिटं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंक आली तर भिंत धरायची. पहाटे वैनगंगेच्या घाटापर्यंत चालायचं. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग घाटापर्यंत. स्टूल बायकोने परसात नेलं आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. आखूड पायाखाली तिने खापरीचा तुकडा सरकवला. तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

सगळे भेटायला आले, भाची आली नाही. फोनवर बोलायची, औषधं विचारायची, पण यायची नाही. शेवटी संक्रांतीनंतर बाईने सांगितलं, "थे पाय धुवाले नाही म्हणते."

हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात मामा परातीत भाचीचे पाय धुतो आणि ते पाणी डोळ्यांना लावतो. त्याशिवाय ती मंडपातून उठत नाही. भाचीने घरी सांगून टाकलं होतं, की एक तर हा विधी नको, नाहीतर कोण्या चुलतमामाला बसवा. "ज्या पायानं मामाले लुळं केलं, थे पाय मी त्यायच्या हातात कशी देऊ?" असं म्हणून ती रडली होती.

मी आधी भडकलो. चुलतमामा म्हणे! मग बसून राहिलो. चूक माझी, हट्ट माझा, ओरडलो मी, आणि ओझं उचललं पोरीने. मी बरा होऊन नुसता हिंडलो फिरलो तर काय उपयोग? ते पाय माझ्या हाताने धुतले नाहीत, तर ती जन्मभर त्या पायांवर ते ओझं घेऊन चालणार होती. मी फोन करून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "मले बरं वाटावं म्हणून म्हणता तुमी." आणि फोन ठेवला.

मग मी मला येतं ते केलं. अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला मराठी अर्ज. उभ्याने लिहिला, कपाटावर कागद ठेवून.

"विषय: पाय धुण्याची परवानगी मिळणेबाबत. सविनय निवेदन की अर्जदार हा आपला एकमेव सख्खा मामा असून, अर्जदाराची पाठ त्याच्या स्वतःच्या हेकटपणाने व एका वाकड्या स्टुलाने बिघडलेली आहे. पुराव्यादाखल चार वर्षांपूर्वीचा एक्स-रे सोबत जोडला आहे, त्यावेळी आपले पाय नागपुरात होते. सबब चुलतमामाची नियुक्ती रद्द करून अर्जदारास न्याय द्यावा."

तो एक्स-रे कपाटावरच होता, शेजाऱ्यांनी ग्रहण पाहायला नेऊन परत केलेला. डॉक्टरांना मी एकदा एकटा असताना विचारलं होतं, की शेवटचा धक्का त्या पायाचाच असेल का? ते म्हणाले, पायाचा असेल, बसचा असेल, शिंकेचाही असेल, सांगता येत नाही. ते मी अर्जात लिहिलं नाही. अर्जात सगळंच लिहायचं नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आठ दिवसांनी फोन आला. "मामा, अर्ज मिळाला."

"मग?"

"विचाराधीन आहे," ती म्हणाली. पण आवाजात जरासं हसू होतं, आणि मला तेवढं पुरलं.

मी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे गेलो. मला परातीसमोर खाली बसून पाय धुवायचे आहेत, ते शिकव, म्हणालो. तिच्याकडे कोणी स्कूटर चालवायला शिकायचं म्हणतो, कोणी शेतात उतरायचं. हे तिने पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांना फोनवर विचारून तिने होकार दिला. "अंकल, कमर नहीं, घुटना मोड़िए," ती रोज म्हणायची. पाठ ताठ, एका हाताने खुर्ची, उजवा गुडघा आधी, मग डावा. खाली जायला जमायचं, उठायला जमायचं नाही. पहिल्या वेळी मी जमिनीवर तसाच गुडघे टेकून राहिलो आणि तिने चहा पाजून मग उठवलं.

घरी सरावाला बायकोला पाटावर बसवलं. ती बसायला तयार होईना. "अवो, काहून मले पापात पाडून राह्यले? नवऱ्यानं बायकोचे पाय धुवाचे काय?"

"तू आता भाची आहे. गुपचूप बस."

"हौ, पन्नाशीची भाची!"

मी गुडघ्यावर गेलो आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. पंचवीस वर्षांत ते पाय मी इतक्या जवळून पाहिले नव्हते. टाचांना भेगा होत्या, एका बोटाचं नख काळं पडलेलं. माझ्या आजारात बादल्या उचलताना पडलं असेल. मी त्या नखावर आणखी थोडं पाणी घातलं. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं न? पाणी थंडं आहे." त्या महिन्यात तिचे पाय पुष्कळदा धुतले गेले. शेवटी शेवटी ती स्वतःच परात घेऊन यायची.

वैशाखात कटंगीला बाईच्या अंगणात मंडप पडला. मी उठून चालत मंडपात आलो. भाची पाटावर बसली होती आणि तिने पाय शालूखाली आत ओढून घेतले होते. चुलतमामा नवा दुपट्टा टाकून बाजूला तयार होता. बाईने माझ्यामागे खुर्ची आणून ठेवली. भटजी घाई करत होते. मी कोणाकडे पाहिलं नाही. खुर्चीला हात लावला, उजवा गुडघा टेकला, मग डावा, पाठ ताठ. परात पुढे ओढली आणि थांबलो. हळूच म्हणालो, "अर्जदार हजर आहे."

ती हसली आणि त्याच वेळी तिचे डोळे भरून आले. शालूखालून उजवा पाय आला, परातीत ठेवला गेला. डावा मात्र येईना. मी हात पुढे करून तसाच बसलो, गुडघे दुखायला लागले तरी बसलो. मग तोही आला. मी तो पाय दोन्ही हातांत धरला, दुधापाण्याने धुतला, पुसला आणि पाणी डोळ्यांना लावलं.

आता तिने डोक्यावर हात ठेवायचा होता. तिचा मेंदीचा हात डोक्यावर आला, पण तिथे राहिला नाही. मागे सरकत पाठीवरून खाली गेला आणि टाक्यांच्या जागेवर थांबला. तीन वर्षांची असताना म्हणायची तशीच ती गंभीरपणे म्हणाली, "खुश राह्य मामा."

मग मी उठलो. आधी एक पाय, मग दुसरा. कोणाचा आधार न घेता उठलो असं मी कचेरीत सगळ्यांना सांगतो. खरं तर तिने पाठीवरचा हात काढलाच नव्हता.