चित्राची चाल

कापसाच्या गाठींवर मार्का मारणारा माणूस उत्तम बुद्धिबळ खेळतो, हे मला माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलावर कळले. मी सौसरच्या तहसिलीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहीत असे. मुलीच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला पांढुर्ण्याच्या जिनिंग-प्रेसमधले हे गृहस्थ आले आणि त्यांची पाळी येईपर्यंत माझ्या टेबलावर उघड्या पडलेल्या पटाकडे पाहत बसले. अर्ज लिहून झाल्यावर त्यांनी, परवानगी घेऊन, माझा घोडा आधीच्या घरात परत नेला. पुढच्या चार चालींत मी हरणार होतो आणि ते मला दिसले नव्हते. त्यानंतर दर रविवारी मी सौसरहून बसने पांढुर्ण्याला जाऊ लागलो. ते जाम नदीपलीकडे सावरगावात राहत. पण हंगामात रविवारीही प्रेस चालू असे, म्हणून आमचा पट बहुधा गाठींच्या थप्पीआडच मांडला जाई.

वय माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त. शिक्षण चौथीपर्यंत. रुईच्या तुसाने घसा कायम धरलेला. बौद्ध वस्तीतल्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असे. तिथे येणाऱ्या एका मासिकात त्यांना टपालाने बुद्धिबळ खेळवणाऱ्या नागपूरच्या एका मंडळाचा पत्ता सापडला होता. पोस्टकार्डावर एक चाल लिहून प्रतिस्पर्ध्याला पाठवायची, त्याचे उत्तर आले की पुढची. एक डाव वर्ष-दीड वर्ष चाले.

चाल लिहिण्याची मंडळाची रूढ पद्धत त्यांना जमत नव्हती असे नाही; ती त्यांना पटत नव्हती. डाव डोळ्यांपुढे दिसला पाहिजे, असे ते म्हणत. गाठींवर व्यापाऱ्याचा मार्का उमटवण्यासाठी ते स्वतः लाकडी ठसे कोरत. तसाच चौसष्ट घरांचा एक ठसा त्यांनी सागाच्या तुकड्यावर कोरला होता. पोस्टकार्डावर तो दाबायचा, प्रत्येक मोहऱ्याची खूण बारीक काडीने काढायची आणि हलवलेल्या मोहऱ्यापाशी बाण. ते कार्ड पाहिले की डाव कुठवर आला आहे हे कोणालाही कळे. त्यांचे प्रतिस्पर्धी, अमरावतीकडचे एक शाळामास्तर, आधी बुचकळ्यात पडले आणि मग तेही चित्रच पाठवू लागले. मंडळाच्या नियमावलीत लिहिले होते, "चाल स्पष्ट व निःसंदिग्ध रीतीने कळवावी." त्या चित्राइतके निःसंदिग्ध दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

दोन डाव त्यांनी अर्ध्यावर गमावले होते. एकदा आजारपणात, एकदा प्रेसच्या हंगामात. या तिसऱ्या डावात त्यांचे प्यादे शेवटच्या रांगेपासून तीन घरांवर होते आणि मास्तरांचा राजा पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात अडकला होता. मंडळ दर वर्षी जिंकलेले डाव पत्रिकेत छापत असे, खेळणाऱ्याच्या नावानिशी, पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत. त्यांना तेवढेच हवे होते. मुलीला दाखवायचे होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि तेही गाठीवर रंग लावता लावता, माझ्याकडे न पाहता.

अशा वेळी मंडळाची चक्रमुद्रित सूचना आली. मंडळाने कॉम्प्युटर घेतला होता. यापुढे खेळाडूंनी एकमेकांना चाल पाठवू नये. सर्व चाली मंडळाच्या छापील कार्डावर, आकड्यांत, मंडळाकडे पाठवाव्यात. यंत्र त्या नोंदवील आणि प्रतिस्पर्ध्याला कळवील. अक्षरांत लिहिलेल्या किंवा चित्राने दाखवलेल्या चाली यंत्र ओळखत नसल्याने त्या स्वीकारल्या जाणार नाहीत. तीस दिवसांत योग्य कार्ड न आल्यास डाव सोडला असे समजण्यात येईल. हे सारे चालू डावांनाही लागू.

चालू डावांनाही! आज इतक्या वर्षांनीही ते शब्द लिहिताना मी खाली रेघ ओढतो. माणसे ज्या अटींवर खेळायला बसली, त्या अटी डाव मध्यावर असताना कोणत्या अधिकाराने बदलता? नवे यंत्र आणले ते तुम्ही. जुनी कार्डे त्याला वाचता येत नसतील, तर तो दोष यंत्राचा की कार्डे पाठवणाऱ्याचा? वर्षभर प्रतिस्पर्ध्याला बिनचूक कळत होती ती खूण, लाखाच्या यंत्राला कळत नाही म्हणून रद्द? मी त्याच दिवशी अकरा परिच्छेदांचे पत्र लिहिले. मागणी एकच केली: चालू डाव जुन्या पद्धतीने पूर्ण होऊ द्यावेत आणि वादाचा निर्णय होईपर्यंत मुदतीची गणना थांबवावी.

पुढच्या रविवारी मी पत्राची प्रत घेऊन प्रेसमध्ये गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सदऱ्याच्या खिशातून मंडळाचे छापील कार्ड काढले. त्यावर पेन्सिलीने चार आकडे भरलेले होते.

"हे पाहा बाबूजी, सोपं हाये. आधी आडवा नंबर, मंग उभा नंबर. कुठून उचललं, कुठं ठेवलं. पोरीनं एका बैठकीत शिकवलं मले."

मी ते कार्ड त्यांच्या हातून काढून घेतले.

"हे टाकायचं नाही, भाऊ. हे टाकलं म्हणजे तुम्ही त्यांची अट मान्य केली. मग माझ्या पत्राला काडीचा अर्थ उरत नाही."

"मंग चाल नाई धाडाची?"

"चित्राचीच धाडा. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह."

ते हसले आणि हसता हसता खोकले. "प्याद्याले रजिस्टरनं धाडून राहिलो आपन, तं वजिराले बँड लावून धाडाचं काय?"

शेजारी गाठ आवळणारे दोघे हमालही हसले. मला राग आला. हक्काच्या गोष्टीत थट्टा मला खपत नाही, असे मी काहीतरी बोललो. त्यांनी ठसा उमटवला, बाण काढला, आणि मी स्वतः ते कार्ड पाकिटात घालून पांढुर्ण्याच्या पोस्टातून रजिस्टर केले. पेन्सिलीचे कार्ड माझ्या बॅगेत राहिले.

पोचपावती आली. त्यानंतर मंडळाचे एक ओळीचे उत्तर आले: "आपले पत्र विचाराधीन आहे." ते घेऊन मी पुन्हा पांढुर्ण्याला गेलो आणि एखादा हुकूम वाचून दाखवावा तसे त्यांना वाचून दाखवले. विचाराधीन म्हणजे आता मुदत थांबली, असे मी सांगितले. त्यांनी दोनदा विचारले, "थांबली ना पक्की?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

वास्तविक माझ्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी उभा असे, ज्याने स्थगिती मागितली होती आणि जो ती मिळाली असे समजून घरी बसला होता. अशा माणसाला मी कडक शब्दांत समजावत असे: बाबा, हातात लेखी हुकूम असल्याखेरीज तारीख चुकवू नकोस. सौसरच्या तहसिलीत हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. दुसऱ्या रविवारी मी दुसरे पत्र लिहिले, तिसऱ्या रविवारी तिसरे. प्रत्येक आधीच्यापेक्षा सरस होते. तीस दिवस उलटले.

निकालाची यादी यंत्रातून निघालेल्या कागदावर आली. दोन्ही कडांना भोके असलेला लांबरुंद कागद. त्यांच्या नंबरापुढे छापले होते: डाव सोडला. सोबत पत्रातल्या मुद्द्यांना उत्तर नव्हते.

आठ दिवसांनी अमरावतीच्या मास्तरांचे त्यांना पत्र आले, ते त्यांनी मला वाचायला दिले. त्यांनी लिहिले होते की डाव त्यांनी केव्हाच गमावला होता, यंत्राने त्यांना विजयी ठरवल्याची त्यांना लाज वाटते. तसे त्यांनी मंडळाला कळवले, पण नोंद बंद झाली असून ती उघडता येत नाही, असे उत्तर आले. हे पत्र वाचून मला, सांगायला संकोच वाटतो, आनंद झाला. असा पुरावा क्वचित हाती लागतो. प्रतिपक्षाने स्वतः, स्वतःच्या सहीने! मी जिल्ह्याच्या ग्राहक मंचासाठी तक्रार तयार केली. खेळाडू मध्यप्रदेशातला, मंडळ महाराष्ट्रातले. अधिकारक्षेत्राचा प्रश्न येणार हे ओळखून त्यावर दोन पाने वेगळी लिहिली. मग सही घ्यायला प्रेसवर गेलो.

त्यांनी तक्रार हातात घेतली, पाने मोजल्यासारखी उलटली आणि परत दिली.

"मी नाई कराची सही."

मी समजावू लागलो. मास्तरांच्या पत्रावर बोट ठेवले, केस मजबूत असल्याचे सांगितले.

"माहा डाव होता, बाबूजी. तुमी त्याची केस करून टाकली."

मी म्हणालो, अन्याय झाला आहे. ते म्हणाले, झाला ना, मले काय समजत नाई? मग त्यांनी विचारले, "ते पेन्सिलीचं कार्ड टाकलं असतं, तं डाव चालला असता का नाई?"

या प्रश्नाला हक्क अबाधित ठेवून देता येईल असे उत्तर मी शोधत राहिलो. शेवटी मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, रंगाचा डबा उचलला आणि पुढच्या गाठीकडे गेले. त्या दिवशी पट मांडला नाही. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा काम जास्त आहे म्हणाले, त्याच्या पुढच्या रविवारीही. नंतर मीच जाणे बंद केले. ते पुन्हा टपालाने खेळले नाहीत. पांढुर्ण्याचा माणूस भेटला की मी विचारत असे, घरीसुद्धा पट निघत नाही असे उत्तर मिळे.

तक्रार मात्र मी दाखल केली, माझ्या सहीने. सुनावणीला तीन वेळा गेलो. मंडळाकडून कोणी आले नाही. निकाल दीड पानांचा होता: तक्रारदार हा मंडळाचा सदस्य नाही, सदर डावात खेळाडू नाही, त्याचे कोणतेही नुकसान झालेले नाही, सबब त्यास तक्रार करण्याचा अधिकार पोचत नाही. मी तो बसमध्ये वाचला, घरी येऊन वाचला आणि दुसऱ्या दिवशी अपिलाचे मुद्दे काढण्यासाठी टेबलावर बसून ओळीओळीने वाचला. त्यात चूक सापडली नाही.